उचकी आणि धाप

मामा दिल्ली सोडून सोलापूरला परत गेला तेव्हा त्याने पंखे, पलंग, सोफा असं सगळं विकून टाकलं आणि पिकअप मात्र आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरखाली आणून उभी केली. फरीदाबादला त्याचा पत्र्याच्या पेट्या बनवायचा छोटा कारखाना होता. त्या पेट्या पोचवता पोचवता गाडी तेव्हाच म्हातारी झाली होती. पेट्रोलवर चालणारी, लांब नाकाची, कधी काळी निळी असलेली. पुढे तिघं दाटीवाटीने बसतील अशी एकच लांब सीट आणि मागे लाकडी फळ्या लावलेला उघडा हौदा. मामाने किल्ली आईच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "शुभा, तुला चालवायला मी शिकवलंय. माझं नाव खराब करू नकोस." पप्पा शेजारीच उभे होते. चांगलं गिऱ्हाईक बघून गाडी विकू, असा त्यांचा हिशेब. आईने पदर कमरेला खोचला, आत चढून बसली आणि कॉलनीला एक फेरी मारून आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता की गिऱ्हाइकाचा विषय पप्पांनी त्या दिवशी काढलाच नाही.

आईच्या माहेरी माग होते. कापड नुसतं दोन बोटांत धरून ते किती धुण्यांत विरेल हे ती सांगायची. दिल्लीत तिचं हे ज्ञान चादरी निवडण्यापलीकडे कुठे कामाला येत नव्हतं. गाडी आल्यावर ती पानिपतला जाऊ लागली. तिथल्या विणकरांकडून खेसाच्या जाड सुती चादरी, सतरंज्या, रजया घेऊन यायची आणि आमच्या कॉलनीत, मोतीबागेत, सरोजिनीनगरात, जिथे जिथे सरकारी क्वार्टर होते तिथे तिथे बायकांना विकायची. आमच्या दोन खोल्यांत थंडीभर रजयांचे ढीग छताला लागलेले असायचे. नव्या कापसाचा आणि खळीचा वास जेवणातसुद्धा यायचा. रविवारी कुणाच्या तरी घरी आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना असे. आमच्याकडे पाळी आली की मंडळी रजयांच्या गठ्ठ्यांवर टेकून गाणी म्हणायची आणि नंतर आईची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाता खाता तिथेच नाताळसाठी सतरंज्या पसंत करायची. पप्पा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढत ते आपली फाइल घेऊन खिडकीपाशी बसायचे. आईच्या उद्योगाला त्यांनी कधी विरोध केला नाही. फक्त त्या गाडीत ती चालवत असताना ते कधी बसले नाहीत. त्यांना ऑफिस असायचं, हे खरं. पण सुट्टीच्या दिवशीही ते स्वतःच चालवायचे, आणि आई शेजारी बसायची.

मी अकरावीत होते त्या थंडीत गाडी बिघडली. म्हणजे बिघडली असं आई म्हणायची. मुनिरक्याचा मेकॅनिक नरेंदर म्हणायचा की गाडी ठीक आहे. आई पानिपतहून दमून यायची आणि सांगायची, वाटेत बंद पडली. पप्पा दुसऱ्या दिवशी गाडी नरेंदरकडे न्यायचे. तो प्लग साफ करायचा, कार्बोरेटर उघडून फुंकायचा, आऊटर रिंग रोडला एक चक्कर मारून यायचा आणि हात पुसत म्हणायचा, "साहब, एकदम मक्खन चल रही है." पप्पाही चालवून बघायचे. गाडी शहाण्या मुलीसारखी चालायची. असं तीन-चारदा झाल्यावर नरेंदर एकदा पप्पांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहब, मैडम शायद क्लच छोड़ने में जल्दी करती हैं." मी जवळच उभी होते. पप्पांनी मान हलवली. ती मान हलवणं मला खटकलं. आई चुकत असेल, असेलही, पण चुकतेय हे ठरवण्याआधी कुणी तिला नीट विचारलं कुठे होतं?

आता मी गुरुग्रामला ज्या उंच इमारतीत राहते तिच्या तळघरात शेकडो गाड्या उभ्या असतात. त्यांच्यातली एखादी अडली की एक मुलगा येतो, डॅशबोर्डखाली एक तार जोडतो आणि त्याच्या मोबाइलवर आजाराचं नाव उमटतं. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवली, त्यामुळे मला त्या मुलाचं कौतुकच वाटतं. तरी मी माझ्या सवयीने मालकाला विचारते, की गाडी नेमकी काय करत होती, कुठे करत होती, आणि त्याआधी तुम्ही काय केलं होतं. लोक म्हणतात, आंटी, मोबाइलमध्ये आलंय ना. ही सवय मला लागली ती त्या थंडीत, आमच्या स्वयंपाकघरात.

आई पोळ्या लाटत होती आणि मी ओट्यावर बसून तिला विचारत होते. "आई, गाडी काय करते? म्हणजे एक्झॅक्टली?"

"अगं, सांगितलं ना. झटके देते, बंद पडते."

"हे तू नरेंदरला सांगतेस. 'झटके मारती है.' मला मराठीत सांग."

ती हसली. लाटणं थांबवून जरा विचार करून म्हणाली, "सकाळी धुक्यात निघते ना, तेव्हा तिला उचक्या लागतात. उचकी कशी, अचानक एक बसते, मग परत नीट, मग परत एक. पण त्याने ती बंद नाही पडत. गरम झाली की थांबतात उचक्या. येताना मात्र वेगळं होतं. येताना तिला धाप लागते."

"धाप म्हणजे?"

माझं मराठी असं होतं. घरात बोलायचो, पण शाळा, बस, दुकान सगळं हिंदीत, त्यामुळे मधले मधले शब्द गळून गेलेले. आईने जिना धावत चढून आलेल्या माणसासारखं करून दाखवलं. "अशी. जोर कमी कमी होत जातो. पाय दाबला तरी उचलत नाही. अगदी दमते, आणि मग मान टाकते. मी कडेला घेते, थोडा वेळ बसते, मग आपोआप चालू होते."

मला आठवतं, मी ओट्यावरून उडी मारून खाली उतरले. कारण हे दोन आजार होते! उचकी सकाळची, धुक्यातली, थंड इंजिनाची. धाप परतीची, गरम इंजिनाची, लांब पल्ल्याची. हिंदीत आई दोन्हींना झटकेच म्हणत होती, कारण तिच्या कामचलाऊ हिंदीत तेवढाच एक शब्द होता, आणि नरेंदर बिचारा दोन दुखण्यांना एक समजून औषध शोधत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी त्याच्याकडे गेले. पोरीने येऊन प्रश्न विचारावेत याचं त्याला नवल वाटलं, पण तो मनाने मोकळा होता. "देखो बेटा, इंजन को तीन चीज़ चाहिए. तेल, हवा, करंट. तीनों टाइम पे." पेट्रोलला तो तेल म्हणायचा. मी त्याला धुक्याचं सांगितलं. ओला हात इस्त्रीला लागला की झिणझिण्या येतात, तसा ओलीमुळे इंजिनातला करंट भलतीकडे पळत असेल का? त्याने डोकं खाजवलं. "भाग तो सकता है. पर दिन में दिखेगा नहीं. चिंगारी अँधेरे में दिखती है."

आमच्याकडे अंधाराची कमतरता नव्हती. घरभर रजया होत्या. रविवारी दुपारी उपासनेहून आल्यावर आईने आणि मी गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि त्यावर सगळ्यात जाड रजई तंबूसारखी ताणली. एक बाजू मुद्दाम बोलावलेल्या नरेंदरने धरली, दुसरी समोरच्या नायर आंटींनी. त्या जिन्यात कढीपत्ता तोडत होत्या, त्या तशाच खाली आल्या. "वेणी आत खोच आधी," आई म्हणाली, "पंखा फिरतोय." आम्ही दोघी रजईखाली शिरलो. आत काळोख, पेट्रोलचा आणि गरम रबराचा वास, आणि ते धडधडणारं धूड आमच्या तोंडासमोर. मी कपड्यांवर पाणी शिंपडायच्या बाटलीतून तारांवर हलका फवारा मारला. काही झालं नाही. मग डिस्ट्रिब्युटरवर मारला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारी डबी. आणि त्या डबीच्या काळ्या झाकणावरून एक निळी रेघ सरपटत गेली. केसाएवढी, वाकडीतिकडी, आली तशी गेली. त्याच क्षणी इंजिनाला उचकी लागली. परत रेघ, परत उचकी. आईने माझा दंड घट्ट धरला. "बाई गं," ती एवढंच म्हणाली. मग आम्ही पाणी मारायचं सोडून नुसत्याच बघत राहिलो. बाहेरून नायर आंटी ओरडत होत्या, "अरे, हमको भी दिखाओ!" शेवटी एकेकाने पाळीपाळीने आत डोकं घालून बघितलं. पप्पाही खाली आले, त्यांनीही बघितलं, आणि रजईतून बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, "इंटरेस्टिंग." झाकणाला बारीक तडा गेला होता. नरेंदरने नवं बसवलं आणि सकाळच्या उचक्या त्या दिवसापासून बंद झाल्या.

पण त्यामुळे आईची बाजू पडतीच झाली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आता गाडीतला दोष सापडला होता, दुरुस्त झाला होता. म्हणजे यापुढे ती बंद पडली तर तो दोष चालवणाराचा. पप्पा हे बोलले नाहीत, पण ते ऑफिसातही असंच काम करत. मुद्दा निकाली निघाला की फाइल बंद.

नाताळची सुट्टी लागली आणि मी पहिल्यांदा आईबरोबर पानिपतला गेले. जाताना गाडी सुरेख चालली. एकही उचकी नाही. विणकरांच्या गल्लीत खटाखट माग चालू होते. आई घराघरात शिरून रजया उलटसुलट करून बघत होती, टाके मोजत होती, तिथल्या म्हाताऱ्यांशी मोडक्या हिंदीत वाद घालत होती. तिथे ती मला घरच्यापेक्षा वेगळीच दिसली, जास्त मोठी. हौदा गच्च भरला. निघताना तिने नेहमीच्या पंपावर टाकी पूर्ण भरून घेतली, आणि न थांबता दिल्ली गाठायची म्हणून आम्ही निघालो. सोनीपत मागे पडलं आणि मला सीटखालूनच ते जाणवलं. गाडीचा आवाज पातळ झाला. आईने पाय दाबला, गाडी उचलेना. "बघ, लागली धाप," ती म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवर अगदी शांत होते. ती डावीकडे घ्यायला लागली, तेवढ्यात इंजिनाने मान टाकली, आणि मागून एक ट्रक आला. दुपार असूनही धुकं पुरतं उठलं नव्हतं. मला फक्त ब्रेकची किंकाळी ऐकू आली. मग आमच्या हौद्याची मागची फळी मोडल्याचा आवाज. ट्रक थांबला होता, जेमतेम. ड्रायव्हर खाली उतरून आईवर ओरडत होता आणि आई मला चाचपत होती. हात, डोकं, मान, पुन्हा हात.

मोडलेली फळी पप्पांनी संध्याकाळी बघितली. मी सगळं सांगितलं, आईने क्लच कसा धरला होता तेसुद्धा. ते ऐकत राहिले. मग त्यांनी किल्ली उचलून कपाटात ठेवली. "शुभा, आता पुरे," ते म्हणाले. "चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. ट्रक हातभर पुढे आला असता तर?" आई म्हणाली, "चूक कुणाची हाच प्रश्न आहे, अहो. माझी असेल तर मी परत हात लावणार नाही. पण ती माझी नाहीये." त्यानंतर कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलत होती. ऑफिसातल्या एकाने गाडी बघायला यायचं कबूल केलं.

मी वहीत, पाटावर, जेवणाच्या ताटात बोटाने तेच गिरवत होते. तेल, हवा, करंट. करंट झाला. मग एके सकाळी आईने गोडेतेलाचा नवा पत्र्याचा डबा काढला आणि कोपऱ्यात खिळा ठोकून भोक पाडलं. तेल गुडगुडत, अडत, थांबून थांबून आलं. मग तिने सवयीने समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि सरळ धार लागली.

"दुसरं कशाला?" मी विचारलं.

"हवा आत जायला नको? नाहीतर तेल बाहेर कसं येईल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. नरेंदरने सांगितलेली हवा इंजिनातली होती. टाकीतल्या हवेचा विचार कुणीच केला नव्हता. "आई, धाप कधीपासून लागायला लागली?" ती म्हणाली, दिवाळीनंतर. "दिवाळीनंतर गाडीत काय बदललं?" काही नाही, ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "टाकीचं झाकण. कॉलनीत कुणीतरी नळ्या घालून पेट्रोल काढत होतं ना, म्हणून तुझ्या पप्पांनी कुलूपवालं आणून लावलं."

मी खाली पळत गेले. झाकण छान होतं, चकचकीत, रबरी वॉशरने घट्ट बसणारं. श्वास घ्यायला त्याला कुठेही भोक नव्हतं. टाकी पूर्ण भरलेली, आत हवेला जागा थोडी, गाडी मालाने लादलेली, मधे थांबा नाही. पेट्रोल खेचलं जाणार आणि त्याची जागा घ्यायला काहीच येणार नाही. थांबून राहिलं की कुठूनतरी थोडी हवा झिरपत असणार, म्हणून आपोआप चालू होत असणार. असणार, असणार! पण ते रिंग रोडवर कधीच दिसलं नसतं.

मी पप्पांना फक्त एवढं म्हटलं की मला एक शंका आहे, आणि ती पानिपतच्या रस्त्यावरच तपासता येईल. गाडी तुम्ही चालवा. बाकी सगळं आई करते तसंच करायचं. तोच पंप, तेवढाच माल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शंका काय आहे?" मी म्हटलं, "आधी सांगितलं तर तुम्ही वेगळं चालवाल." हे त्यांना पटलं असावं. ते म्हणाले, "ठीक आहे. विकायच्या आधी एकदा बघून घेऊ."

त्या रविवारी ऊन पडलं होतं. येताना पप्पा चालवत होते, मी मधे, आई खिडकीशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झालेली. पप्पा क्लच इतका जपून सोडत होते की मला हसू येत होतं. सोनीपत गेलं आणि आवाज पातळ झाला. पप्पांनी पाय दाबला. पुन्हा दाबला. त्यांच्या कानशिलावर घाम आला. गाडीने धाप टाकली, दमली, आणि त्यांनी ती कशीबशी कडेला मातीत घेतल्यावर गप्प झाली. आई समोरच्या काचेतून मोहरीकडे बघत राहिली. तिने तेव्हा काय काय गिळलं असेल, ते मला माझ्या संसारात पडल्यावर कळलं.

"पप्पा, चला," मी म्हटलं. आम्ही खाली उतरलो. मी झाकणाच्या कुलपात किल्ली फिरवली आणि झाकण सैल केलं. आत सूंऽऽ करून हवा शिरली. पुष्कळ वेळ शिरत राहिली. पप्पा वाकून ऐकत होते. "आता स्टार्ट करा." गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

मला वाटलं होतं, झालं. पण पप्पा इंजिन बंद करून पुन्हा खाली आले. "एकदा झालं म्हणजे योगायोगही असू शकतो," ते म्हणाले. "झाकण घट्ट लाव. अजून एकदा बंद पडायला हवी." त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, एखाद्या शाळकरी मुलासारखं. आम्ही झाकण लावून निघालो. सगळे कान देऊन बसलो होतो, आणि गाडी कधी बंद पडते याची इतक्या आतुरतेने वाट बघणारं कुटुंब त्या रस्त्यावर दुसरं नसेल. बराच वेळ गेला. मग आईच म्हणाली, "आली, आली बघा, धाप." या वेळी पप्पांनी स्वतः उतरून झाकण उघडलं, कान टाकीला लावून, डोळे मिटून. सूंऽऽ.

ते परत आले तेव्हा हातात ते झाकण होतं. टाकीच्या तोंडाला ते आपला रुमाल बांधून आले होते. "मीच बसवलं होतं हे," ते म्हणाले. आई म्हणाली, "चोर काही आला नाही पण." दोघंही जरा हसली. मग पप्पांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून किल्ली तिच्यापुढे धरली. "शुभा, तू घे. तू चालवताना मी शेजारी बसून कधी बघितलंच नाही."

आई उतरून गाडीला वळसा घालून गेली. पदर खोचला, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पप्पा आता खिडकीशी होते. सुरुवातीला ते तिच्या हातांकडे बघत होते, पायांकडे बघत होते, मग समोर बघायला लागले. मग त्यांची मान हळूहळू माझ्या खांद्यावर आली. आईने रस्त्यावरची नजर न हलवता हळूच विचारलं, "झोपले का गं?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता जरा पळवते."